तिलिम्सान ते उज्दा, विमानाने पाव तास

आदरणीय अध्यक्ष हाज मस्तारी, व्यासपीठावर विराजमान झालेले पेठेतले वडीलधारे, समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, आणि ज्याच्यासाठी आपण सारे जमलो तो सत्कारमूर्ती गौती,

मी मनव्वर, रेशमाचा विणकर. गौतीच्या विमान-तिकिटांच्या दुकानाला लागूनच माझा माग. भाषणाची मला सवय नाही. पण अध्यक्ष म्हणाले, "तूच बोल, भिंतीला भिंत तुझी." त्यांचा शब्द मोडवेना.

मंडळी, गौती उद्या उज्दाला चालला, कायमचा. तिथे त्याची बहीण रहमूना एकटी आहे, नजर गेली बिचारीची. भावाने नाही तर तिच्याकडे कोणी बघायचं?

आणि उज्दा म्हणजे काय सातासमुद्रापलीकडे आहे? आपल्या तिलिम्सानच्या विमानतळावरून विमान सरळ उडालं, तर पाव तासात तिथे टेकेल. पण दोन देशांचं वैर, म्हणून मधली सीमा बंद आणि आकाशही बंद. म्हणून आधी अल्जिअर्स, मग उलट्या दिशेला ट्युनिस, तिथून समुद्रावरून वळसा घालून कासाब्लांका, आणि मग उज्दा. सगळा द्राविडी प्राणायाम! एकदा आपल्या पेठेतल्या आजीबाई लल्ला खैरा त्याच्यावर उखडल्या, "दीड दिवस? तुझं विमान लंगडतं की काय रे?" हा म्हणाला, "विमान धडधाकट आहे हो लल्ला. वाट रुसलीय." त्या बघा, अजून हसताहेत.

पण हाच माणूस मयताला जायचं तिकीट कधी विकायचा नाही. माझे थोरले बंधू तिकडे उज्दात वारले, तेव्हा मी धावत याच्याकडे गेलो. म्हणाला, "मनव्वर, बस जरा. आपल्यात माती थांबत नाही. तू ट्युनिसला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल." मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याने दुकान बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन बसला. पुतण्याने तिकडे कबरीपाशी फोन धरला होता. फावड्यांचा आवाज आम्ही दोघांनी मिळून ऐकला. माझा हात त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

आता तुम्हीच सांगा, उद्यापासून आमचं काय? दोघांचीही सत्तरी उलटली. मी आधी गेलो, तर हा मातीला पोचणार नाही. हा आधी गेला, तर मी पोचणार नाही. आजचा हा निरोप म्हणूनच मला जड जातोय.

अध्यक्षांचे आभार, सभागृह देणाऱ्यांचे आभार, आणि सकाळपासून आपल्या जेवणासाठी कुसकुस वाफवत बसलेल्या माउलींचे तर दुप्पट आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी पोटात घालावं.

पण गौती, तुझ्याकडे माझं मागणं वेगळं आहे. आपल्यात खांदा देण्याआधी माणसं मयताला माफ करतात. माझ्या वेळी तू इथे नसशील, तुझ्या वेळी मी तिथे नसेन. मी तुला आत्ताच, या सगळ्यांसमक्ष, माफ केलं. आता तू बोल. बोल रे, मी उभा आहे.