टीव्हीच्या आरामाचा दिवस

…नाही हो, आराम माणसाला लागतो, बैलाला लागतो, फार तर रिक्षाच्या इंजिनाला लागतो, पण टीव्हीला? भर रविवारी? फायनल चालू असताना? तुम्हाला सांगतो, आत्ता या क्षणाला माझ्या घरात टीव्हीवर पिवळा पंचा घातलाय, वर कुंकवाचं बोट, त्यावर झेंडूचं फूल, आणि तो जावयासारखा कोपऱ्यात बसून आराम करतोय. आणि मी? ज्यानं तो विकत आणला, अँटेना लावताना पत्र्यावरून घसरून ज्याचा गुडघा बंगळूरच्या या येलहंकाच्या थंडीत अजून ठणकतो, तो मी इथं मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर. सरका हो, स्वल्प जागा द्या. आणि हे कुणामुळं? आमच्या भव्यामुळं. सातवीतली पोरगी. आणि तिला हे शिकवलं कुणी? मी. माझ्याच तोंडानं, माईक हातात धरून, सगळ्या शाळेसमोर. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तसं तुम्हा सगळ्यांना थोडंफार ठाऊक असेल, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाही ना, मग ऐका. भव्याच्या शाळेला व्हाइटफील्डच्या कुठल्याशा कंपनीनं कॉम्प्युटर दिले. त्यांना नवे आले, जुने आपल्याला. टेम्पोतनं उतरवले तेव्हा चंदना मिस, म्हणजे हेडमिस्ट्रेस, स्वतः दारात आरती घेऊन उभ्या होत्या. खोलीला रंग दिला, पडदे लावले, पंखा पण नाही, थेट एसी बसवला. पोरांच्या वर्गात पाऊस आला तर पोरं बाक सरकवत बसतात, पण कॉम्प्युटरला एसी. बाहेर चपला काढायच्या. आत बोलायचं नाही. आणि हात? हात तर लावायचाच नाही. प्रत्येक कॉम्प्युटरला प्लास्टिकचं झबलं, खोलीला कुलूप, आणि किल्ली चंदना मिसच्या पदराला. मी एकदा सहज विचारलं, मिस, मुलं शिकणार कशी? तर त्या म्हणाल्या, "नोडि, बघा शंभूराज, मुलांच्या हातात दिलं की बिघडतं. आधी थिअरी. चित्र काढायचं, भागांना नावं द्यायची. सरी ना, ठीक ना?" आता हेडमिस्ट्रेस सरी म्हणतात तर आपण नाही कसं म्हणणार? सरी म्हणालो.

तर पोरं वर्षभर चित्रं काढत होती. कीबोर्डचं चित्र, पडद्याचं चित्र, माऊसचं वरून चित्र, माऊसचं खालून चित्र. आमच्या भव्यानं तर माऊसचं पोट उघडल्यासारखं आतलं चित्र काढलं होतं, खाली गोल झाकण, आत गोळी, गोळीच्या बाजूला दोन बारीक दांड्या. मी म्हणालो, हे काय, कैरीचा बाठा का? तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप चहा प्यायलो.

पण तुम्हाला सांगतो, ती माझ्याकडं बघत तरी होती याचाच मला आनंद. कारण एरवी ती कुणाकडं बघतच नव्हती. शाळेतनं आली की दप्तर दारात, चप्पल उंबऱ्यात आणि डोळे टीव्हीत. केबल आली त्या दिवसापासनं आमच्या घरात त्या कार्टूनचाच आवाज. जेवताना कार्टून, वेणी घालताना कार्टून. प्रणिता, माझी बायको, निपाणीकडची, ती ओरडायची, "अहो, पोरगी दगड व्हायला लागली, काहीतरी बोला." मी काय बोलणार? मी शेजारीच बसलेला, त्याच टीव्हीसमोर. आणि शाळेत तिच्या टीचर म्हणाल्या, "भव्या वाईट मुलगी नाही हो. पण ती वर्गात असते आणि नसते. हात वर करत नाही, प्रश्न विचारत नाही. तिला काही आवडतं का, आम्हाला अजून कळलेलं नाही." घरी येईपर्यंत बसमध्ये मला ते वाक्य टोचत राहिलं. नापास झाली असती तर शिकवणी लावता आली असती. पण काही आवडतच नाही, यावर कुठली शिकवणी लावायची? खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं.

आणि त्यातच ती एक दिवस भाताचा घास हातात धरून म्हणाली, "अप्पा, चित्र काढून कंटाळा आला. मला एकदा खरा माऊस हलवायचाय." म्हणजे आवडतं हो, काहीतरी आवडतं. पण जे आवडतं ते कुलपात.

मग आली आयुधपूजा. आता आपल्याकडची आयुधपूजा तुम्हाला वेगळी काय सांगायची, बसपासून अडकित्त्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू. चंदना मिस पालकसभेत म्हणाल्या, यंदा कॉम्प्युटरची पूजा करू, आणि कुणीतरी पालकांनी मुलांना सांगावं, यंत्र जबाबदारीनं कसं वापरायचं. सगळे पालक लगेच आपापल्या चपला बघायला लागले. पद्मनाभ अण्णा, तुम्ही पण होता, तुमची व्हॅन बाहेर उभी म्हणून तुम्ही तर पळालातच. राहिलो मी. आणि माझं कसं आहे, चिकपेटला साड्यांच्या दुकानात आयुष्य गेलं, गिऱ्हाईक दिसलं की तोंड आपोआप उघडतं. उघडलं. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

भाषण काय झालं म्हणता! मी म्हणालो, मुलांनो, आमच्या दुकानात कात्री आहे, कापड मोजायचा गज आहे. वर्षभर ती आमची चाकरी करतात. पण आजच्या दिवशी आम्ही कात्री खाली ठेवतो, फूल वाहतो, कापडाला हात लावत नाही. दसऱ्याचा आदला दिवस, गिऱ्हाइकांची रीघ, तरी नाही. का? कारण ज्याला हत्यार खाली ठेवता येतं तोच हत्याराचा मालक. ज्याला ठेवता येत नाही, त्याचं हत्यार मालक आणि तो नोकर! असं जोरात म्हणालो. टाळ्या. चंदना मिसनी पण वाजवल्या. प्रणिता मागं उभी होती, ती नुसती माझ्याकडं बघत होती, टीव्हीसमोरचा माणूस हाच का म्हणून.

मग पूजा. केळीचे खुंट बांधले, कोहळा फोडला, कॉम्प्युटरची झबली काढली, प्रत्येकाला गंध लावलं. चुरमुरे वाटले, ते थोडे कीबोर्डमध्ये गेले, ते सोडा. पद्मनाभ अण्णांच्या व्हॅनच्या चाकाखाली लिंबं ठेवली, व्हॅन पुढं गेली, लिंबं फुटली, छान. आणि टोपलीत एक लिंबू उरलं. हे अण्णाच मला म्हणाले, "शंभूराज, लिंबू फुटल्याशिवाय यंत्राची पूजा पुरी होत नाही. कॉम्प्युटरखाली कोण ठेवणार?" मी विचार केला. कॉम्प्युटरला चाक कुठंय? पडदा हलत नाही, डबा हलत नाही. सगळ्यात हलतं काय? माऊस. आणि त्याच्या पोटात गोळी आहे, फिरते, हे मला माझ्या लेकीच्या चित्रावरनं पक्कं ठाऊक. म्हणजे झालं की चाक. मी लिंबाला चीर दिली, माऊसखाली ठेवलं, नमस्कार केला आणि तळहातानं असा दाब दिला… तुम्ही हसताय. व्हॅनखाली चालतं, स्कूटरखाली चालतं, विमानतळावरच्या लोकांना विचारा, तिथं पण काहीतरी ठेवत असतील. मग माऊसखाली का चालू नये? आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

चंदना मिसनी बटण दाबलं. पडदा उजळला, पोरांनी आ वासला. मिसनी माऊस हलवला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. परत हलवला. बाण आपला ढिम्म. मिसनी माऊस उचलला, तर खालून थेंब… थेंब. त्यांनी वास घेतला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या शाळेनं माझ्याकडं बघितलं. मिस अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज म्हणजे काय ते पोरांना विचारा, "म्हणून मी कुलूप लावते. वडिलांच्या हातात एक मिनिट दिलं तर हे. मुलांच्या हातात काय होईल? वार्षिक परीक्षा होईपर्यंत ही खोली बंद." आणि त्या पदराची किल्ली सोडायला लागल्या.

लोक हसले त्याचं मला काही नाही, दुकानात रोज हसतात. पण भव्या तिसऱ्या रांगेत उभी होती. वर्षभरात पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती बापानं लिंबू पिळून बंद पाडली. तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती होईना.

आणि मग एक हात वर गेला. हो, तिचाच. तिच्या टीचर तर माझ्याआधी दचकल्या. "मिस, मी उघडू? खालचं झाकण फिरवलं की निघतं. मला माहितीय." मिस काही बोलायच्या आत ती पुढं. माऊस उलटा केला, झाकण फिरवलं, गोळी टपकन हातात. तिनं पूजेच्या ताटातला वातींचा कापूस घेतला, गोळी पुसली, आतल्या दोन बारीक दांड्या पुसल्या, त्यात लिंबाची बी अडकली होती ती नखानं काढली, माझ्या हातावर ठेवली, जणू माझीच वस्तू मला परत. फुंकर मारली, गोळी आत, झाकण बंद. बाण सुटला की हो पडद्यावर, इकडून तिकडं, तिकडून इकडं! आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना… मी चिकपेटात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नवऱ्या बघितल्यात शालू खांद्यावर टाकून आरशात बघताना. तसा चेहरा मी माझ्या घरात पहिल्यांदा बघितला.

तिथं थांबायचं ना तिनं? नाही. एकदा तोंड उघडलं, शेवटी मुलगी कुणाची. म्हणाली, "मिस, अप्पा म्हणाले यंत्राला एक दिवस आराम द्यायचा. आपले कॉम्प्युटर वर्षभर आराम करतायत. मग ते काम कधी करणार?"

कुणी हसलं नाही. चंदना मिस किल्लीकडं बघत राहिल्या, मग लिंबाच्या सालीकडं, मग तिच्याकडं. आणि बाई मोठ्या मनाच्या हो, मला उगाच राग होता त्यांचा. किल्ली पदरातनं सोडवली आणि भव्याच्या हातात दिली. "सरी. उद्या दसरा. परवापासनं तू उघडायचं. नियम तुम्ही मुलांनीच ठरवा. आणि पहिला नियम मी सांगते, लिंबू आत आणायचं नाही."

तेव्हापासनं आमच्या घरातलं कार्टून बंद झालं. आम्ही नाही केलं, आपोआप झालं. पोरगी सकाळी माझ्याआधी तयार. कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ काढते, कोयऱ्या काढते, मला दाखवायला कागद आणते, आणि मी दुकानात मालकांना दाखवतो, ते म्हणतात बरंय, मी म्हणतो बरंय काय, उत्तम आहे. टीचर परवा म्हणाल्या, "शंभूराज, आता तिला जरा कमी प्रश्न विचारायला सांगा." मी बसमध्ये येलहंकापर्यंत एकटाच हसत आलो. सुखी आहे हो मी, तसा पूर्ण सुखी आहे.

फक्त ते नियम. पोरांनी ठरवले, भिंतीला लावले. हात धुऊन यायचं, दोघांनी मिळून बसायचं, दुसऱ्याची पाळी खायची नाही, आणि आठवड्यात एक दिवस यंत्राला आराम. हा शेवटचा नियम भव्यानं घरी आणला. मी म्हणालो, छान, मंगळवारी देऊ टीव्हीला आराम, मंगळवारी काही नसतं. तर म्हणाली, "अप्पा, तुम्हीच म्हणालात ना, गिऱ्हाइकांची रीघ असते त्याच दिवशी कात्री खाली ठेवायची. टीव्हीसमोर रीघ कधी असते?" प्रणितानं तिथल्या तिथं पिवळा पंचा काढून दिला. मी म्हणालो, अगं पण फायनल. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही मालक का नोकर?" आता यात माझं काय… जाऊ दे.

पण थांबा. फायनल चालू आहे ना? मग तुम्ही सगळे इथं काय करताय? मला वाटलं माझं ऐकायला बसलाय. पद्मनाभ अण्णा, तुमची पोरगी कल्पना भव्याच्याच वर्गात ना? तुमच्या टीव्हीवर… झेंडू? आणि नागनाथ, तू खाली काय बघतोस? तुझ्याकडं पण? शेवंती? म्हणजे या अख्ख्या गल्लीत एक टीव्ही चालू नाही?

ऐका, ऐका, ओरडा ऐकलात? रुळांच्या पलीकडनं. रोशनच्या घरातनं आला. चौकार असणार. त्याचा मुलगा दुसऱ्या शाळेत, तिथं नाही ही भानगड. उठा, सगळे तिकडंच जाऊ, तो काही नाही म्हणणार नाही, परवाच भेटला होता मला. म्हणत होता, पोरगं नुसतं टीव्हीसमोर बसून असतं, कशातच मन नाही, काय करू? मी त्याला हात धरून सांगितलं, जूनपासनं आमच्या शाळेत घाल.

नाव घातलं त्यानं. फी पण भरली.

चला, जरा पाय उचला. जून यायच्या आत एवढी एक मॅच बघून घेऊ.