पुन्हा मधूनच

(नोव्हेंबरमधला शनिवार, दुपार. आयोवातल्या एका छोट्या कॉलेजचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान, एकतिसावी रांग. मधे हार्लन, एका बाजूला त्याची बायको आर्डिस, दुसऱ्या बाजूला सत्तरीच्या व्हर्नाबाई. त्या आज पहिल्यांदाच या रांगेत बसल्या आहेत.)

हार्लन : बघ, आता मधून जाणार. बॉल त्या डेशॉनच्या पोटात कोंबणार आणि तो मान खाली घालून गर्दीत घुसणार. लावतेस पैज?

आर्डिस : बेचाळीस वर्षं तुझ्या शेजारी या बाकावर बसतेय. पैज लावायला वेडी आहे का मी?

हार्लन : गेला. मधूनच गेला. किती मिळालं? एक यार्ड. अगं, समोरच्या अकरा जणांना माहीत, त्या पॉपकॉर्नवाल्याला माहीत, पार्किंगमधल्या कुत्र्यालासुद्धा माहीत, की हे मधून जाणार.

व्हर्ना : मगाशी एकदा डावीकडून नेला होता ना?

हार्लन : तो पाय घसरला म्हणून डावीकडे गेला, बाई. तुम्ही नवीन दिसताय. खेळ माहितीये का तुम्हाला?

व्हर्ना : थोडाफार. तुम्ही सांगा की.

आर्डिस : बाई, एकदा सुरू झाला की थांबत नाही हा. विचार करून सांगा.

व्हर्ना : सांगू द्या. मला ऐकायला आवडतं.

हार्लन : सोपं आहे. चार संधी मिळतात. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार संधी, नाही तर बॉल दुसऱ्यांचा. आता पुढे सरकायचे दोन मार्ग. एक, बॉल पोटाशी धरून पळायचं. दोन, तो सात नंबरचा पोरगा दिसतोय ना, कोल्बी, त्याने बॉल लांब फेकायचा आणि आपल्याच कुणीतरी तो झेलायचा. दोन्ही मार्ग आलटून पालटून वापरले की समोरचा गोंधळतो. कळलं?

व्हर्ना : कळलं. आणि आपले लोक एकच वापरतात.

हार्लन : शाबास. तुम्हाला पाच मिनिटांत कळलं. वर त्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून एक साहेब बसलाय, चाली सांगणारा, त्याला मात्र महिना झाला तरी कळलेलं नाही.

आर्डिस : हार्लन, जरा हळू.

हार्लन : हळू कशाला? काय खोटं बोलतोय मी?

व्हर्ना : तुमचा आवाज मला मगापासून ओळखीचा वाटतोय. सोमवारी संध्याकाळी रेडिओवर सामन्यावर बोलायला लोक फोन करतात, त्यातले तुम्हीच ना?

हार्लन : ऐकलंस, आर्डिस? मीच तो. बियाणांच्या दुकानात लोक थांबवून हात मिळवतात माझ्याशी.

आर्डिस : एकाने मिळवला होता. तोही चष्मा विसरला होता.

व्हर्ना : गेल्या सोमवारी तुम्ही म्हणालात, वरच्या त्या साहेबाच्या जागी आमच्या गोठ्यातली गाय बसवा, गाय निदान अधूनमधून डावीकडे वळते.

हार्लन : आवडलं ना? ते मला आयत्या वेळी सुचलं.

आर्डिस : सुचलं कसलं. रविवारी दिवसभर माझ्यासमोर घोकत होता.

व्हर्ना : माझी नात तर हसून हसून गाडीच्या सीटवर लोळली. मग तिने बापाला विचारलं, बाबा, गाय खरंच तुझ्यापेक्षा हुशार असते का?

हार्लन : हा हा. पोरंसुद्धा काय... थांबा. बापाला का विचारलं?

आर्डिस : हार्लन.

हार्लन : थांब गं. मी बाईंना विचारतोय.

आर्डिस : त्या जाहिरातीच्या फलकावर त्या साहेबाचा फोटो लागलाय बघ, मोठ्या कोचच्या शेजारी. नाक बघितलंस? आता बाईंचं नाक बघ.

हार्लन : अरे देवा.

व्हर्ना : मी रसेलची आई. व्हर्ना.

हार्लन : बाई, मी... म्हणजे ते रेडिओवर... तिथे जरा मीठमसाला लावून बोलावं लागतं.

आर्डिस : हा घरीही तसंच बोलतो.

हार्लन : तू कुणाच्या बाजूने आहेस?

आर्डिस : बाईंच्या. व्हर्नाबाई, ही चिली घ्या, राजमा-खिम्याची, गरम आहे. आणि हा दालचिनीचा रोल. पण तुम्ही इथे कशा? टीमच्या घरच्यांसाठी खाली वेगळे बाक आहेत ना?

व्हर्ना : सहा सामने तिथेच बसले. तिथे कुणी चकार शब्द काढत नाही. बॉल मधून गेला आणि अडला, की सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघतात आणि गोड हसतात. ते हसणं मला सोसत नाही. म्हटलं, जाऊन सरळ शिव्या देणाऱ्यांत बसावं. इथे मोकळं वाटतं.

हार्लन : तुम्ही आधी सांगायचंत, बाई.

व्हर्ना : तुम्ही इतकं मन लावून समजावत होता. मधे कसं बोलणार? आणि मला काय त्याचा राग येत नाही? लहानपणी शाळेतून घरी यायचा तो एकाच रस्त्याने. पुलावर घोट्यापर्यंत पाणी असलं तरी त्याच पुलावरून. म्हटलं, बाळा, वरून फिरून ये. तर म्हणे, आई, हा रस्ता मला माहीत आहे.

हार्लन : म्हणजे मुळातच आहे ते.

व्हर्ना : वडिलांकडून आलंय. नाक फक्त माझं.

आर्डिस : आता किती झाले? मी चिली वाढत होते.

हार्लन : त्यांचे दहा, आपले सहा. शेवटची साडेतीन मिनिटं, बॉल आपल्याकडे. बघा, परत मधून. पाच यार्ड मिळाले. बरे मिळाले. म्हणजे वाईट नाही, बाई. चांगली चाल होती.

व्हर्ना : तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलू नका. तुम्हाला शोभत नाही.

हार्लन : मग खरं विचारतो. फेकत का नाही? कोल्बीला मी तो एवढासा होता तेव्हापासून बघतोय. त्याच्या बापाचं शेत माझ्या शेताला लागून. धान्याच्या कोठारावरून पलीकडे बॉल टाकायचा तो पोरगा. असा हात असताना त्याला नुसता बॉल द्यायच्या कामाला लावलाय. मला झोप लागत नाही त्याने.

आर्डिस : हे मात्र खरं आहे. उठून बसतो अंथरुणात.

व्हर्ना : पुढच्या रांगेतले ऐकतायत का?

आर्डिस : तो मर्ल. एका कानाने बहिरा आहे, आणि दुसऱ्याने ओरडतो.

व्हर्ना : मग जवळ या. हे मी बोलायचं नाही, पण चार आठवडे पोटात ठेवून माझंच डोकं दुखायला लागलंय. कोल्बीचा खांदा गेलाय. चौथ्या सामन्यापासून. डॉक्टर म्हणाले, खेळ, पळ, जवळचं टाक, पण लांब फेकायचं नाही. आणि त्याच्या जागी जो यायचा, तो पाय प्लॅस्टरमध्ये घालून त्या कडेला बसलाय.

हार्लन : त्याच्या बापाने मला सांगितलं नाही.

व्हर्ना : त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कळलं असतं तर समोरचे सगळे मधेच उभे राहिले असते, आणि पोराच्या त्याच खांद्यावर येऊन आदळले असते. रसेल म्हणाला, लोक मला मूर्ख म्हणतायत तोवर पोरगा सुखरूप आहे.

हार्लन : आणि मी गाय म्हटलं.

व्हर्ना : गाईचं त्याने मनावर घेतलं नाही. तो म्हणाला, या माणसाला निदान डावं-उजवं तरी कळतं. बाकीचे फोनवाले नुसतेच बोंबलतात.

आर्डिस : आणि आज हरले तर?

व्हर्ना : सोमवारी सकाळी मोठ्या कोचनी त्याला बोलावलंय, नोकरीचं बोलायला. सून घर हलवायची खोकी फेकून देत नाही, बिछान्याखाली सपाट करून ठेवते. नात बारा वर्षांची आहे आणि ही तिची पाचवी शाळा. इथे पहिल्यांदा तिने एका मैत्रिणीला घरी राहायला बोलावलं.

हार्लन : चौथी संधी आली. दोनच यार्ड हवेत. शेवटची रेषा आठ यार्डांवर आहे, ती ओलांडली की जिंकलो. पन्नास सेकंद.

आर्डिस : आता?

हार्लन : सगळं मैदान ओरडतंय, फेक, फेक म्हणून. मर्ल, खाली बस. तुझ्या टोपीपलीकडे काही दिसत नाही. काय? फेकायला हवा? कशाला फेकायला हवा? दोन यार्ड आहेत. डेशॉन अडीचशे पौंडांचा आहे. मधूनच न्यायचा, दुसरं काय करायचं? तुला खेळ कळतो का?

आर्डिस : व्हर्नाबाई, हा क्षण लक्षात ठेवा. पुन्हा यायचा नाही.

व्हर्ना : मला बघवत नाही. तुम्ही सांगा.

हार्लन : उभे राहिले. कोल्बीने बॉल घेतला. दिला. डेशॉन घुसला मधून. ढकला रे, मागून ढकला त्याला. सरकतोय... ढीग झालाय, ढिगाखाली काही दिसत नाही. पंच एकेकाला उचलून बाजूला करतायत. साखळी आणून मोजतायत.

व्हर्ना : किती?

हार्लन : पंचाने हात दाखवला. वीतभर. वीतभर कमी पडला, बाई.

आर्डिस : गेलं मग.

हार्लन : गेलं. पण चाल बरोबर होती. मी तीच सांगितली असती. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मर्ल, तू घरी जा. सोमवारी मी रेडिओवर बोलणार आहे, तेव्हा ऐक.

व्हर्ना : काय बोलणार तुम्ही? खांद्याचं सांगता यायचं नाही.

हार्लन : नाही सांगणार. कोल्बीसाठी एवढं पोटात ठेवीन. नुसतं म्हणेन, चाल बरोबर होती. लोक म्हणतील, म्हातारा फिरला. म्हणू देत.

आर्डिस : बाई, गार झाली का चिली? नातीसाठी चार रोल बांधून देते. सुनेसाठीही. नाही म्हणू नका.

व्हर्ना : थांबा हं, फोन वाजतोय. त्याचाच आहे. हार्लन, जरा तिकडे तोंड करा. तुमचा चेहरा बघून मला रडू फुटेल... हॅलो, हो रे. हो, बघितला. वीतभर, कळलं मला. तू काही खाल्लंस का सकाळपासून?... नाही रे बाळा, इथे कुणी काही बोललं नाही. शेजारी एक गृहस्थ होते. त्यांना खेळ चांगला कळतो.