कुटाराच्या खोलीची सोयरीक

...आन वरून वकीलसाहेब मलेच विचारते, "पंजाबराव, तुम्ही बोललेच काऊन?" आता सांगा! ज्या माणसाले सारं दुसरबीड गाव मुका बुवा म्हणते, ज्याची बायको, कोकिळा, नाव पाहा कोकिळा, दिवसभर एकटीच बोलते आन मी नुसता मान हालवतो, त्याले विचारून राह्यले, बोललेच काऊन! अहो, जन्मात एकदा बोललो... एकदा! तेवढंच नडलं. बाकी तुम्हाले सांगतो, मले तं पयल्याच दिवशी संशय आला होता, पण मी बोललो नाही.

झालं काय, घराच्या मागं रोडच्या अंगानं आमची कुटाराची खोली हाये. गुरांचं कुटार, म्हणजे भुसा, भरायचो तिथं. बैल म्हातारे झाले, एक गेला, दुसऱ्याले त्याच्यावाचून करमेना, गव्हाणीत तोंड घालून नुसता उभा राहाचा, मी बी त्याच्याजवळ उभा राहाचो, मग तो बी गेला... जाऊ द्या. खोली रिकामी पडली. तं एक दिवस अंकुश नावाचं पोरगं आलं. केस चापूनचोपून, वाकून पाया पडला आन म्हणे, "आजोबा, ऑफिस टाकायचं हाये, ऑनलाइनचं काम हाये." आता कुटाराच्या खोलीत ऑफिस? आन आजकालचं पोरगं वाकून पाया पडते? सख्खी नातवंडं दुरूनच मोबाईल हालवतात आन हा अनोळखी गडी गुडघ्याले हात लावते! मले तवाच संशय आला होता, पण मी बोललो नाही. कोकिळा म्हणे, "किती गुणाचं लेकरू!" आन चहा ठेवला. तिच्या चहा ठेवण्यातच अर्धे व्यवहार होतात आमच्या घरचे.

पोरं आली, टीव्ही आला, कूलर आला, खिडकीले जाड पडदा आला. अन् सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो, कान द्या. त्या खोलीत जो येई तो चपला दाराशी नाही काढायचा. चपला हातात घ्यायचा आन आत न्यायचा! अहो, दाराशी चपला पाहून तं आपल्याले समजते घरात कोण हाये, किती हाये, भांडण हाये का बारसं हाये. आन इथं आत आरडाओरडा इतका की वीस माणसं असतील, आन दाराशी एक चप्पल नाही! आत गजानन महाराजांचा फोटो, त्याले अगरबत्ती, आन पडदा बंद. मी मनात म्हणलो, हे बोगस बियाण्याचे दलाल हायेत. मग वाटलं, नाही, हे पोरी पळवणारे असतील. तवापासून निशिगंधाले, म्हणजे आमच्या नातीले, मागच्या आंगणात जाऊ देणं बंद केलं. कधी आतून सगळे एकदम "गेला रे!" म्हणून रडल्यासारखे ओरडत, मी म्हणे कोण गेला? लगबगीनं उठून टोपी घालाचो, मौतीले जा लागन म्हणून, तवर आत हसणं सुरू! संशय? अहो, माझ्या पोटात नुसता संशयच होता, जेवण कमी आन संशय जास्त. पण मी बोललो नाही.

आता निशिगंधाचं सांगतो. बाप तिचा ट्रकवर असते, महिना महिना घरी नसते, म्हणून स्थळाचं सारं आमच्याच अंगावर. पोरगी हुशार, मायेची, माझं डोकं दुखलं तं तिले न सांगता समजते. शेजारच्या सत्यभामाबाईनं स्थळ आणलं, तिनं बी माणसं पाह्यली नव्हती, सारं फोनवरच. पोरगा शिवम, मेहकरले मोबाईलचं दुकान, चारचौघातलं घर, फोटोत जरा जास्तच गोरा. रविवारी दुपारी पाहाले येणार. बाई आदल्या दिवशी मलेच शिकवाले बसली. "हे पाहा पंजाबदादा, उद्या गप बसू नका. तुम्ही असे खांबासारखे बसता, लोकाले वाटते घरात काही नाही आन हाये ते बी दाबून ठेवलं. चार शब्द बोला. जरा फुगवून बोला. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाये!" पोरीच्या जन्माचा प्रश्न म्हणल्यावर करता काय? कबूल केलं. रात्रभर उशीले तोंड लावून बोलाची सवय केली.

रविवार उजाडला. कोकिळाचे पोहे, सतरंजी, चांगल्यातले कप. शेजारचा शाकिर टेलर बी बोलावला, म्हणजे चार माणसं दिसली पाहिजेत. आन ठरल्या वेळेच्या आधीच एक पांढरी गाडी येऊन उभी! दोन धिप्पाड माणसं, एक दणकट बाई आन एक तरणं पोरगं, केस बारीक, छाती पुढं, फोटोतल्यापेक्षा वेगळंच, पण फोटोचा काय भरवसा! मी धावलो, "या या या! सकाळपासून तुमचीच वाट पाहून राह्यलो!"

मोठे साहेब थबकले. म्हणे, "आम्ही येणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो मंग! निरोप आला होता ना!"

साहेबानं त्या बाईकडं पाह्यलं, बाईनं साहेबाकडं पाह्यलं. आता मुलाकडचे लोक असे एकमेकाकडं पाहतात? मले तवाच संशय आला होता, पण मी बोललो नाही, मी म्हणलो, "बसा बसा, मोकळे बसा, हे तुमचंच घर हाये."

साहेब हळूच विचारते, "घर तुमचंच?"

"माझंच."

"मागची खोली?"

आता सत्यभामाबाई दाराआडून मले डोळ्यानं ढकलून राह्यली, बोला, बोला! आन मी बोललो हो! जो सुटलो तो सुटलोच! "ती बी आपलीच! तिथं आपलाच धंदा हाये. ऑनलाइनचा!"

"तुमचा?"

"मंग कोणाचा? पोरं आपल्या हाताखाली. दूरदूरून लोक येतात, जालन्याच्या गाड्या लागतात. कधीकधी तं पाय ठेवाले जागा नसते! देवाची कृपा हाये. एकच नात हाये, पुढं हे सारं जावयालेच सांभाळायचं हाये!" आन त्या बारीक केसाच्या पोराकडं पाहून मी हसलो. त्याले ठसका लागला. शाकिर माझ्याकडं असा पाहून राह्यला जसा मी सुई गिळली.

तुम्हाले सांगतो, बोलण्याची नशा वेगळीच असते! मी उलट त्यायलेच विचारलं, "आन मुलाचं काम काय?" म्हणजे पोराच्या मामाले विचारून राह्यलो मी, माझ्या हिशेबानं. साहेब म्हणे, "सरकारी." सरकारी! सत्यभामाबाई तं मोबाईलचं दुकान म्हणली होती! मले तवाच संशय आला होता, पण सरकारी नोकरी चालत घरी आल्यावर कोण बोलते हो? तुम्ही बोलले असते?

तवर निशिगंधा पोहे घेऊन आली. डोक्यावर पदर, ट्रे ठेवला, वाकली, आन माझ्या कानात म्हणे, "आजोबा, यायचे सगळ्यायचे बूट सारखेच हायेत. लाल."

मी म्हणलो, "एकाच लग्नात आहेर आला असन. गप."

ती बाई तिले विचारते, "तुला ठाऊक आहे, मागच्या खोलीत काय चालतं?" मुलीले असं विचारतात काय? स्वयंपाक विचारा, शिक्षण विचारा! निशिगंधा सरळ म्हणे, "नाही. आजोबा मले तिकडं जाऊच देत नाहीत." बाई नुसती हसली. साहेब म्हणे, "आजोबा सावध आहेत." मले वाटलं तारीफ केली.

आन त्याच वेळेस मागून आरोळी आली, "गेला रे गेला!" साहेब पोह्याची बशी हातात घेऊन तसेच उठले. "चला!" चौघं मागं पळाले, मी त्यायच्या मागं पळालो, "अहो, चहा राह्यला! पोरगी तं पुरी पाहा!" दार धाडकन उघडलं, पडदा फाटला, आत पोरं, टीव्हीवर मॅच, पुढ्यात मोबाईलच मोबाईल, दुकानात नसतील इतके. "हलू नका, पोलीस!"

पोलीस म्हणल्यावर मी गव्हाणीच्या कडेवर बसलो, जिथं माझा बैल उभा राहाचा तिथंच. अंकुश माझ्याकडं असा पाहे की जणू मीच फितूर झालो. "आजोबा, तुम्ही? आम्ही तुम्हाले आजोबा म्हणलो!" आन साहेब म्हणे, "हेच मालक. स्वतःच सांगितलं." म्हणजे पोरायले वाटते मी पोलिसाचा, पोलिसाले वाटते मी पोरांचा, आन मी कोणाचाच नाही! पंचनाम्याले पंच पाहिजे होता, तं आमच्याच सतरंजीवरून उचलला, शाकिर, तोंडात पोहे असतानाच. खोली माझी, पंच माझा, चहा माझा... सरकारचा फक्त गुन्हा!

आन तेवढ्यात, काय सांगू बापा, खरे पाहुणे आले. धोतर, फेटा, पेढ्याचा पुडा. मुलाचे वडील हसत हसत, "रामराम! आमचा शिवम पोहोचला ना? मोटरसायकलीवर सकाळीच पुढं निघाला. म्हणे दोस्ताकडं जाऊन मग येतो." तिकडं त्या तरण्या पोलिसानं खोलीतल्या चपला-बूट सगळे आंगणात आणून ओतले, ढीगच! मुलाचे वडील त्या ढिगाकडं पाहून राह्यले. पाह्यले, पाह्यले, आन वाकून एक नवा बूट उचलला. कोरा, पांढरा, मागं निळी पट्टी. म्हणे, "हा तं आमच्या शिवमचा. पोरगी पाहाले जातो म्हणून काल घेतला..."

आन आतून, अनवाणी, मान खाली घालून, फोटोपेक्षा पुष्कळ काळा पडलेला शिवम बाहेर आला.

कोकिळाचं बोलणं बंद झालं, म्हणजे समजा! फक्त निशिगंधा दारात उभी होती, ट्रे धरून. तिनं त्याच्याकडं एकदा पाह्यलं, पुरं पाह्यलं, आन ट्रे घेऊन आत गेली. माझं काळीज तिच्या मागं मागं गेलं. मनात आलं, महाराज, तुम्ही त्या पोरायच्या खोलीत उगाच नव्हते बसले. पोरगी वाचली. पण आजा बुडाला!

साहेब म्हणे, "चला, आजेसासरे आणि जावई एकाच गाडीत." गाडीत शिवम माझ्या बाजूले. रडून राह्यला. म्हणे, "आजोबा, मी फक्त एकच मॅच लावून येणार होतो." सकाळपासून पोटात काही नव्हतं पोराच्या. माझ्या खिशात कोकिळानं घाईघाईनं कोंबलेली भाकर होती, अर्धी देली. काय करता? लेकरू तं लेकरूच.

आता वकील म्हणते, "पंजाबराव, खोली भाड्यानं देणं गुन्हा नाही. आत जुगार चालते हे ठाऊक असून देणं, तो गुन्हा. मोबाईलवर असो का पत्त्यावर, मॅचवर पैसे लावणं बंद हाये, लावणारा बी सापडते, चालवणारा बी सापडते, आन तिथं नुसता जाऊन बसलेला असला तरी त्यालेच सिद्ध करा लागते की मी खेळत नव्हतो."

मी म्हणलो, "पण मले ठाऊकच नव्हतं!"

"मंग धंदा माझाच, असं म्हणले काऊन?"

"पोरीसाठी फुगवलं हो!"

वकील म्हणे, "पोलिसाजवळ बोललेलं कोर्टात टिकत नाही, ती चिंता नाही. पण शाकिरनं ऐकलं ना!" मी शाकिरजवळ गेलो. त्यानं मशीन थांबवली, म्हणे, "पंजाबराव, मी खोटं नाही बोलणार. तुम्ही म्हणले, धंदा आपला. ते सांगीन. आन हे बी सांगीन की या माणसानं सगळ्या जन्मात पयल्यांदा फुशारकी मारली, त्याले मारता बी येत नाही." आता हीच माझी जमा बाजू!

तवापासून तारखा चालू हायेत. मी आरोपी नंबर एक. अंकुशचा पत्ता नाही, जामिनावर सुटला तो गेला, मले तवाच संशय... जाऊ द्या. शिवम आरोपीच, माझ्याच बाकावर बसते. दुकान सांभाळते म्हणे, मोबाईल साधा बटनाचा ठेवला, उठताना मले हात देते. मागच्या तारखेले मुलाचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. म्हणे, "पंजाबराव, केस तं वर्षानुवर्षं चालन. दर तारखेले तुम्ही दुसरबीडहून, आम्ही मेहकरहून. मी म्हणतो, भेटतच राहतो तं सोयरीकच करून टाकू. एकाच गाडीनं येऊ!"

घरी येऊन निशिगंधाले सांगितलं. मले वाटलं लाटणं फेकन. तिनं भाकर थापता थापता म्हणलं, "त्यायले सांगा, आधी निकाल लागू द्या." आता हा नकार झाला का होकार झाला? वकिलाले विचारलं, तो म्हणे ही तारीख माझ्या कोर्टात नाही.

आन काल काय झालं, ऐका. तारखेले माझा डबा घेऊन निशिगंधाच आली. शिवम कोर्टाच्या दाराशी वाकून बूट काढून ठेवून राह्यला. दाराशी, सगळ्यायले दिसन असा! शिपाई हसला, "अबे, कोर्ट हाये, देऊळ नाही." निशिगंधानं ते पाह्यलं. माझ्यापुढं डबा उघडला, आन डब्यात भाकरी माझ्या भुकेपेक्षा जास्त होत्या.

मले संशय आला, हो. चांगलाच आला. पण मी बोललो नाही... एकदाच बोललो होतो, त्याच्या तारखा अजून सरून राह्यल्या नाहीत!