सहीचा रकाना

सन्माननीय अध्यक्ष श्यामसुंदर पाठारे साहेब, प्रमुख पाहुण्या डॉ. गार्गी प्रधान, आणि अंधेरीच्या या ऑफिसात एकतीस वर्षं माझा चढा आवाज ऐकून घेतलेल्या सहकाऱ्यांनो,

यज्ञेश आत्ता म्हणाला, उत्तरामॅडमच्या हातून एकही क्लेम चुकला नाही. यज्ञेश, गोड बोललास रे, पण ते खरं नाही. शाल अंगावर असताना तेवढं सांगायलाच हवं.

चार वर्षांपूर्वी एक बाई माझ्या टेबलापाशी आली. नाव-गाव सांगणार नाही, सगुणा म्हणू. तिला विचारूनच बोलते आहे. कोळीवाड्यातली, मासळी विकणारी. त्यांच्या मच्छीमार सोसायटीची आपल्याकडे ग्रुप पॉलिसी होती. तिच्या नवऱ्याला एचआयव्ही निघाला होता आणि त्याचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. त्याच्या रक्तातला विषाणू दबेपर्यंत हिने लागण टाळायची गोळी रोज घ्यावी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. गोळ्यांचं बिल आपण नाकारलं होतं. नाकारणारी सही माझी.

"मंग मी आजारी परून इस्पितलात गेले तर तुमी भरनार?" तिने विचारलं.

"हो."

"आनि परू नये म्हनून गोली मागते, तर नाय?"

मी म्हटलं, "नियम आहे, बाई. सोसायटीच्या सेक्रेटरीची सही घेऊन पुन्हा अर्ज करा, मी बघते."

ती उठून गेली. अर्ज आला नाही. मला वाटलं, सोय झाली असेल. खरं सांगू? हायसंच वाटलं. पाच महिन्यांनी तिच्या नावाची हॉस्पिटलची फाईल आली. लागण झाली होती.

त्यानंतर ही गोळी पॉलिसीत घ्या म्हणून मी प्रस्ताव दिला. दोनदा परत आला, गेल्या वर्षी मंजूर झाला. त्याबद्दल तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. पण वर्षभरात अर्ज किती आले? दोन. साऱ्या मुंबईतून दोन!

गेल्या महिन्यात मी सगुणाच्या घरी गेले. नवरा-बायको दोघं उपचारांवर आहेत, तब्येत बरी आहे, ती बाजारात बसते. मी विचारलं, "तेव्हा पुन्हा अर्ज का नाही केलास गं?"

"सेक्रेटरी आमचे घरचेच, मॅडम. सही मागाला गेले असते तर सांजेपरत सगल्या गावाला कललं असतं. आमची मासली कोनी घेतली असती?"

तो सहीचा रकाना फॉर्मवर आजही आहे. कुठे सोसायटीच्या सेक्रेटरीची सही, कुठे कामावरच्या साहेबांची, कुठे एचआरची. कोण भरणार तो फॉर्म?

अध्यक्ष महोदय, तो रकाना काढा आणि अर्ज थेट आपल्याकडे येऊ द्या, असं मी या महिन्याभरात तीनदा लेखी कळवलं. सोमवारपासून मी इथे नसेन, म्हणून आज सगळ्यांदेखत तोंडी मागते. साहेब, तुम्ही खाली बघताय. उत्तर आत्ता नको, पण द्या.

तुम्ही सर्वांनी प्रेम दिलंत, मनापासून आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर उदार मनाने पोटात घाला.

त्या दिवशी घरून निघताना सगुणाचीही मी माफी मागितली होती. ती एवढंच म्हणाली, "च्याय घ्या मॅडम, गार व्हते."