चार भोकांचं बटण

—नाही हो, दिवस अगदी साधा होता, म्हणून तर सांगतोय. कोटाला काजं करत बसलो होतो, फोन वाजला, ताईच्या शाळेतून होता—वर्गात शिकवता शिकवता खाली बसल्या, म्हणाले, आणि मग उठल्याच नाहीत. मी काय केलं असेल? हातातलं काज पुरं केलं. अर्धं सोडलं की उसवतं ना! बघा, धाकट्या भावाची अक्कल. बसा, बसा—त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो. तुम्ही ताईच्या जागी आलेल्या नवीन बाई, हे मी दारातच ओळखलं. गिऱ्हाईक आल्या आल्या ‘झालं का?’ म्हणतं, तुम्ही आधी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलंत. संध्याकाळची शिकवणीची मुलं आता तुमच्याकडे, तेच सांगायला आलात ना? न्या की. मी कोण अडवणार? फक्त कुठवर आलंय तेवढं ऐकून जा, नाहीतर उद्या म्हणाल, शिंप्यानं रसायनशास्त्राची पार चिंधी करून ठेवली.

वरच्या खोलीत भरायचा तिचा वर्ग. आणि सामान कुणाचं? माझं! माझ्या डब्यातली बटणं न विचारता न्यायची. म्हणायची, ‘अरे, कार्बन म्हणजे चार भोकांचं बटण—चार दोरे, एक कमी नाही की जास्त नाही. हायड्रोजन म्हणजे मणी, त्याला दोरा एकच.’ एका बटणाला चार मणी, झालं मिथेन. दोन बटणं एकमेकांना बांधली, उरलेल्या भोकांना सहा मणी, इथेन. मी ओरडायचो, ‘ताई, सदऱ्याची बटणं प्रोपेनला गेली असं सांगू का गिऱ्हाइकाला?’ तर म्हणे, ‘सांग, तेवढंच त्याला ज्ञान.’

ती गेल्यावर मुलं आली. म्हणजे येतच राहिली, दप्तरं घेऊन. आता घरी जा, हे सांगायला जिना चढलो—आणि काय झालं कोण जाणे, तिच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, ‘हं, काढा वह्या.’ मला काय येत होतं? बटण लावता येत होतं! बाईंचा भाऊ म्हणून पोरांनी मला मामा केलं, आणि मामा बनवणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मिथेन-इथेन वगैरे अल्केन संपृक्त असतात, हे मला त्यांनीच शिकवलं—सगळी भोकं भरलेली, नव्या कुणाला जागा नाही, म्हणून सहसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हटलं, माझ्यासारखे. तर सगळे हसले. का हसले? आता मी बोलतोय का जास्त? बरं.

ब्युटेन म्हणजे एका रांगेत चार बटणं, दहा मणी. ते बांधताना चौथं बटण चुकून मधल्याला बांधलं गेलं. मी उसवायला कात्री घेतली, तर ती पुढे बसणारी मुलगी म्हणते, ‘मामा, थांबा, मणी मोजा.’ दहाच! तितकीच बटणं, तितकेच मणी, नुसती बेतणी वेगळी. समघटक म्हणतात म्हणे. मी अशी मान डोलावली की जणू मुद्दाम केलं. मग अंगात आलं. पाच बटणांच्या पेंटेनची रूपं तीन, दोन बांधून झाली होती, तर मी सरळ साखळीच मेजावर वाकडी ठेवली आणि जाहीर केलं—हे तिसरं! तिनं टोक धरून ओढलं. ‘मामा, हे ओढलं की सरळ होतंय.’ म्हणजे काय, पहिलंच. नुसतं वाकून बसलेलं. तीस वर्षं कापड बेततोय, आणि दुमडलेलं कापड नवीन तागा म्हणून विकायला निघालो!

नाही, तेव्हापासून पुढे नाही गेलो. पेंटेन आलं की म्हणतो, जरा उजळणी करू, आणि परत मिथेन. कितीदा? झालं असेल बऱ्याचदा. पोरंही अशी की दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी बटणं ओवतात. परीक्षा तोंडावर आलीय त्यांची. मला दिसत नाही का? दिसतंय. म्हणून तर शाळेत मीच निरोप दिला, कुणीतरी पाठवा म्हणून.

अहो—नको, त्या बटणांना हात लावू नका. तुम्हाला ते तिसरं बांधता येतं, कळलं. त्या मुलीलाही येत असणार. पुस्तकातही असेल, पण ते पान मी उलटलेलं नाही. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ताई जिन्यात थांबून म्हणाली होती, ‘उद्या तिसरं पेंटेन. तूही ये वर, गंमत आहे.’ मी मान वर न करता म्हटलं, ‘बघू.’

चला, निघा तुम्ही आता. मलाही कामं पडलीत. डबा घेऊन जा, मणी खालच्या खणात आहेत. मुलांना पाठवतो उद्यापासून. मिथेनपासून नका सुरू करू, ते त्यांना झोपेतही येतं. पेंटेनचं तिसरं रूप बांधायचं राहिलंय.