घोंगडीचा बिबट्या

राघू : चुलीत घाल म्हनतो न्हवं! आत्ताच्या आत्ता!

सुप्रिया : मामा, चुलीत मावंल का तो? नुसती शेपटीच दारापर्यंत येती.

राघू : मग तोडू. सुनबाई, कोयता कुठाय?

रतनबाई : अवो, हळू. बांधावर समदा गाव जमलाय. ती फॉरेस्टची मान्सं उसात वाघ हुडकत्यात, आन वाघ हितं माझ्या पिठाच्या डब्याला टेकून बसलाय.

राघू : पर हिनं त्यो बांधावर न्हेलाच कशाला?

सुप्रिया : वाळत घातला होता.

राघू : वाघ?

सुप्रिया : मग? त्याला चिंचोक्याची खळ लावलीय, तुमी घोंगडीला लावता तशी. कडक उन्हात वाळली की मान ताठ राहती. दुपारी घोडेगावात बचत गटाचं प्रदर्शन आहे ना, टाकाऊतून टिकाऊ. अंगणात ठेवला तर शेळ्या मिशा खातात. खराट्याच्या काड्या आहेत त्या.

रतनबाई : आन तवाच हे निघालं मेंढरं सोडाया.

राघू : मला काय ठावं, घरातला वाघ वाळत घातलाय? उसाच्या कडंला बसलेला. डोळं चमकत्यात. शेपूट हालतीय—

सुप्रिया : शेपूट हलली? खरंच?

राघू : हालली म्हंजी! डावी-उजवी, डावी-उजवी!

सुप्रिया : अगं बाई, चालली! मामा, ती जीपच्या वायपरची मोटर आहे. कुंपणाचं झटका मशीन बिघडलं ना, त्याची सोलर प्लेट मी पाठीत शिवली. घरात एकदापण हलली नव्हती!

राघू : बघ! माझा जीव गेला आन हिला मोटर चालल्याचा आनंद!

रतनबाई : नुस्तं वराडून गप बसला असता, तर निभावलं असतं. ह्यांनी साहेबाला वाघाची कुंडलीच सांगितली.

राघू : मग? ह्या पट्ट्यात पंजा उमटला की राघूलाच बोलीवत्यात. साहेबानं खुर्ची दिली राव मला. बांधावर! सरपंच उभा आन मी खुर्चीत.

सुप्रिया : काय सांगितलंत?

राघू : मादी हाय म्हनलं. पोटुशी हाय.

सुप्रिया : तिथं जुनी उशी कोंबलीय. कापूस एका जागी गोळा झालाय.

राघू : मागच्या डाव्या पायानं लंगडी हाय.

सुप्रिया : ठिबकची नळी कमी पडली.

राघू : एक सुळा तुटलाय, झटापट झाली आसंल.

सुप्रिया : तो मला अजून बसवायचाय.

रतनबाई : आन कुत्र्याचं?

राघू : तू गप.

रतनबाई : आपला मोती वाघाच्या पोटाला पाठ लावून झोपला व्हता. घोरत व्हता. हे साहेबाला म्हनत्यात, बघा साहेब, वाघानं कुत्र्याला मोहिनी घातली.

सुप्रिया : मोती तुमच्या घोंगडीवरच झोपतो ना रोज. त्यानं वास ओळखला.

राघू : वास? माझ्या... माझी घोंगडी कुठाय?

सुप्रिया : नवी नाय घेतली. माळ्यावरची. उंदरांनी कुरतडलेली.

राघू : ती पांघरून मी कोकनात मेंढरं न्हेली गं!

रतनबाई : आन आल्यापासनं माळ्यावर टाकली. उंदरांनी खाल्ली तवा न्हाई आठवन आली.

राघू : त्या घोंगडीला सरकारनं भुलीचं इंजेक्शन मारलं!

रतनबाई : एक न्हाई, दोन. पैलं मारलं, वाघ ढिम्म. दुसरं मारलं, शेपूट चालूच. साहेब डाक्टरला फोन लावून इचारतोय, सर, डोस वाढवू का? तेवढ्यात ढग सरकला, ऊन पडलं, आन शेपूट अशी सुटली म्हनतीस! पळापळ नुस्ती. साहेबाची टोपी बाभळीला. सरपंच ह्यांच्या खुर्चीसकट पळाला.

सुप्रिया : आणि मी कधीची ओरडतीय, मारू नका, माझा आहे तो! तर बायांनी मला मागं धरून ठेवलं, पुढचं काय दिसू दिलं नाय. पोरगी भेदरलीय म्हणून पाणी पाजलं. सगळे पळाले तेव्हा सुटले आणि बिबट्या ताडपत्रीत गुंडाळून काखेत मारून मागच्या दारानं आले.

राघू : झ्याक केलंस. कुनी बघितलं न्हाई. आता ऐक. मी भाईर जातो आन सांगतो, वाघ शिनोलीच्या अंगाला गेला. गाडी तिकडं जाईल. मग ह्याचं तुकडं करू.

सुप्रिया : नाय.

राघू : न्हाई म्हंजी?

सुप्रिया : तुकडे नाय करायचे. आणि लपवायचा पण नाय. मी दुपारी काय नेऊ?

रतनबाई : मागल्या साली बाटल्यांची फुलदानी न्हेलीस, तसलं कायतरी ने.

सुप्रिया : ती बघून प्रदर्शनाच्या बाई काय म्हणाल्या आठवतंय ना, आत्या? छान हो, घरकाम सांभाळून वेळ मिळतो वाटतं. तुमच्या लेकाला विचारा, बायको काय करती. हे बेल्ह्याच्या बाजारात सगळ्यांना सांगतात, भंगार गोळा करती. हा बिबट्या मी केलाय मामा. ह्या दोन हातांनी. आज लपवला तर तो कधीच कुणी केला नाय असं होईल.

राघू : आन मी? राघूनं घोंगडीला वाघ म्हनलं, असं पेठंपतोर हुईल! लगनात पावणं इचारतील, काय राघूभाऊ, सतरंजी चावत न्हाई ना? सर बाजूला.

सुप्रिया : मामा, एकदा बघा तरी. लांबनं बघितलाय तुमी. जवळनं बघा आणि मग तोडा.

(राघू एका हातात कोयता धरून दुसऱ्या हातानं ताडपत्री ओढतो. वाकून वाघाचा खांदा निरखतो.)

रतनबाई : काय झालं? आता खरंच मोहिनी पडली का?

राघू : ह्यो खांदा... उडीच्या आधी खांदा असाच वर निघतो. पाठ खाली जाती. कान मागं. सुप्रिया, हे फोटूत घावत न्हाई. कुनी दावलं तुला?

सुप्रिया : तुमीच.

राघू : म्या कवा?

सुप्रिया : जेवताना सांगता की. कोकणातनं येताना घाटात वाघ आडवा आला ते. ताट सारता, हात जमिनीवर टेकता, खांदा काढता, मान अशी खाली घालता. मी भाकरी थापताना बघायचे. मोबाइलवर लई व्हिडिओ बघितले, पण एकातपण तसा बसलेला नव्हता. मग मी तुमालाच बघून केला.

रतनबाई : हात्तिच्या! म्हंजी तुमच्याच वाघाला तुमी भ्यालात.

राघू : भ्यालो न्हाई. वळखला.

रतनबाई : काय?

राघू : अगं, त्यो घाटातला हाय! माझा वाघ मी वळखला. मग मी चुकलो कुठं? दुसऱ्या कुनाचा असता तर मी लांबूनच म्हनलो असतो, ही सतरंजी हाय.

सुप्रिया : मग कोयता ठेवा ना खाली.

राघू : ह्यो घे. आन ती इंजेक्शनं काडू नगो.

सुप्रिया : सरकारी आहेत ती. परत द्यावी लागतील.

राघू : प्रदर्शन झाल्यावर देऊ. त्या बाईला दावायची. म्हनावं, सरकारनं दोनदा तपासलाय.

सुप्रिया : पण मामा, लोक हसतील तुमाला.

राघू : हासनारच. सरपंच असा फसला असता तर मी काय रडलो असतो? मान धर. तशी न्हवं. खळ आजून वली हाय, दबंल. पोटाखाली हात घाल. हां. दी माझ्या खांद्यावर.

रतनबाई : अवो, साहेबाला आधी हाळी मारा! न्हायतर तिसरं इंजेक्शन तुमाला बसंल!

राघू : मारतो! साहेब! ओ साहेब! बंदूक खाली ठिवा!

सुप्रिया : गेले. आत्या, मला नाय बघवत. तुमी दारातनं सांगा.

रतनबाई : साहेबानं बंदूक ठिवली. लोकं मागं सरली. ह्यांनी त्यो खाली टेकवला.

सुप्रिया : हसले?

रतनबाई : हासले. लई हासले. सरपंच तर खालीच बसला.

सुप्रिया : आणि मामा?

रतनबाई : थांब, कायतरी बोलत्यात. माझी सून, म्हनत्यात. सुप्रिया नाव, म्हनत्यात. आता कुनी हासत न्हाई. साहेब वाकून खांदा बघतोय. समदी जवळ याया लागली.

सुप्रिया : हात लावतील आत्या! खळ ओली आहे अजून!

रतनबाई : न्हाई लावत. आपल्या म्हाताऱ्यानं काठी आडवी धरलीय. हात धुतल्याबिगर कुनी शिवायचं न्हाई, म्हनतोय. चल, ती बादली घे. दुसरी मी भरते.