हस्तांदोलनाचा हात

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान कल्याण खात्याचे सचिव साहेब, भागीदार कंपनीचे उपाध्यक्ष, आजचे सत्कारमूर्ती आणि आजच निवृत्त होणारे आपले संचालक साहेब, समोरचे अधिकारी, इंजिनियर, आणि व्यासपीठाला पाच पायऱ्या असल्यामुळे खाली दाराशीच चाकाच्या खुर्च्यांवर थांबलेले माझे सोबती, सर्वांना माझा नमस्कार. तो तोंडीच गोड मानून घ्यावा. माझा हा उजवा हात डाव्याला जुळत नाही.

कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या बाईंनी मला दोन पानांचं भाषण लिहून दिलं आहे. सुरेख लिहिलंय. त्यात मी या हाताने स्वयंपाक करते, शिवणकाम करते आणि नातीची वेणी घालते. मला नात नाही. माझी स्वतःची वेणीसुद्धा माझी जाऊ घालते, ती बघा तिसऱ्या रांगेत बसली आहे. तेव्हा ते कागद राहू देत. मी आपली सुचेल तसं बोलते, चालेल ना?

मी शर्टाच्या कारखान्यात कापड कापायची. सात वर्षांपूर्वी मशीनने उजवा हात मनगटाच्या वरून तोडला. पुढच्याच वर्षी सरकार आणि कंपनी यांनी मिळून आधुनिक हात बनवायचा प्रकल्प काढला आणि मी त्याची लाभार्थी क्रमांक एक झाले. क्रमांक दोन अजून सापडायचा आहे.

साहेबांची तळमळ मी जवळून पाहिली आहे. सहा वर्षांत एकोणीस समित्या आल्या. प्रत्येक समितीसमोर मला हा हात बसवायचे. मग समितीतले एकेक जण उठायचे आणि काय करायचे? हस्तांदोलन! दुसरं काही करावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. पहिली समिती म्हणाली, पकड फार घट्ट आहे. पकड सैल केली. दुसरी म्हणाली, हात गार लागतो. तळव्यात ऊब घातली. एका बाईसाहेबांना नखं हवी होती, तीही आली, वर फिकट गुलाबी रंग. आज हा हात जगातलं सर्वांत मायाळू हस्तांदोलन करतो. कात्री दिली की मात्र सोडून देतो. कापड दाबून धरत नाही. हा माईकही मी डाव्या हातात धरलाय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी एकदा इंजिनियर बाईंना म्हटलं, "अहो, मला कात्री धरायची आहे." बिचारी चांगली मुलगी. म्हणाली, "ताई, कात्री तपासणीच्या यादीत नाही ना." त्या दिवसाच्या अहवालात लिहिलंय, लाभार्थी समाधानी.

साहेब तर इतके प्रेमळ, की दर वेळी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे. साहेब, तो तुमचाच असायचा. समारंभ संपला की तंत्रज्ञ पेटी घेऊन यायचे. हात पेटीत, पेटी गाडीत आणि मी बस थांब्यावर. आजही ते पडद्यामागे पेटी उघडून उभे आहेत. दादा, थोडं थांबा, झालंच माझं.

आता एक घरगुती गोष्ट सांगते. जुन्या सरकारी दवाखान्याच्या मागे त्यांचीच एक कार्यशाळा आहे. तिथले उस्ताद लोखंडी आकड्याचा साधा हात बनवतात, दोन पट्टे आणि एक आकडा. त्यांनी मला तो बसवून पाहिला. मी आकड्याने कापड दाबलं, डाव्या हाताने कात्री चालवली, आणि कापड सरळ कापलं गेलं. सात वर्षांनी! मी तिथेच हमसून हमसून रडले. कारखान्याचे मास्तर म्हणाले, सोमवारी ये, जागा धरून ठेवतो, त्यापुढे मला जमणार नाही.

पण उस्तादांना तो हात देता येईना. सरकारी नियम आहे, एका माणसाला एकच हात. आणि प्रकल्पाच्या नोंदवहीत साहेबांच्या सहीने लिहिलंय, की मला सर्वांत आधुनिक हात कायमचा दिला आहे. आज प्रकल्प संपतोय. संध्याकाळी नोंदवही बंद झाली, की तिच्यात कुणालाही दुरुस्ती करता येणार नाही.

म्हणून मी हा अर्ज आणला आहे. एकच ओळ आहे. "सदर महिलेस हात देण्यात आलेला नाही." साहेब, खाली तुमची सही हवी.

काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, मागच्यांना ऐकू जात नाही. साहेब म्हणतात, ही ती जागा नव्हे. खरं आहे. तीन महिने मी तुमच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून होते. तुमचे शिपाई रोज सांगायचे, साहेब समारंभाच्या तयारीत आहेत. तुमच्याच समारंभाला यावं लागलं मला.

मानपत्रात शंभर टक्के यश असं छापलंय, ते मलाही माहीत आहे. लाभार्थी एक, हात एक. या कागदावर सही केलीत तर शंभराचं शून्य होतं. पण माझा सोमवार उभा राहतो, साहेब. पेन मी आणलंय. टोपणही काढून ठेवलंय.

नाही?

सचिव साहेब, आपण? आपणही घड्याळ बघताय. बरं.

जाऊबाई, जरा वर या, पट्टे सोडा. दादा, पेटी नको. हा हात मी साहेबांच्या पुढ्यात ठेवते. कायमचा दिलाय असं लिहिलंय, म्हणजे माझाच झाला, आणि माझी वस्तू मी कुणालाही भेट देऊ शकते. साहेब, पुढच्या महिन्यात तुम्ही याच कंपनीत सल्लागार म्हणून जाताय, तिथे हा उपयोगी पडेल. याला लोकांचे हात हातात घेता येतात. सही मात्र करता येत नाही.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर ते एका हाताच्या बाईचं म्हणून पोटात घाला.